केप बफेलोचा म्हातारा रेडा नेमका कोणता? गोळी झाडायच्या आधी वय कसं ओळखायचं

ऑगस्ट २०१८, झांबियातलं लुआंग्वा खोरं. माझा पहिला केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतल्या रानम्हशीचा रेडा, पडला होता, शिंगांच्या रुंदीला टेप लावला तर ४१ इंच, आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. फोटोची तयारी चालू होती तेवढ्यात आमचे वयस्कर ट्रॅकर, ज्यांना सगळे बाम्बो म्हणायचे, ते रेड्याच्या डोक्याजवळ उकिडवे बसले, कपाळावरचा वाळलेला चिखल बोटांनी खरवडून काढला आणि शिंगाच्या बुडाच्या पुढच्या कडेवर अंगठा दाबला. नख आत गेलं. कोवळ्या शहाळ्याच्या सालीत जातं तसं सहज गेलं. बाम्बो एकच शब्द बोलले, "म्वाना". त्यांच्या भाषेत म्हणजे लेकरू.

बरोबरच्या प्रोफेशनल हंटरने, म्हणजे शिकाऱ्याला घेऊन जाणाऱ्या व्यावसायिक वाटाड्याने (पुढे पीएच), "बॉस कडक आहे, घे" असं सांगितलं होतं. बॉस म्हणजे शिंगांच्या बुडांचं कपाळावरचं टोप. पण चूक जितकी त्याची तितकीच माझी, कारण रायफल काठ्यांवर टेकवल्यापासून माझी नजर फक्त रुंदीवर होती. रात्री जबडा उकडून बघितला, दाढा जेमतेम झिजलेल्या, रेडा ७ वर्षांच्या पुढचा नव्हता. अजून दोनेक वर्षांनी तो कळपात खरा कर्ता नर झाला असता. ते मला आजही लागतं, आणि म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी असं मला मनापासून वाटतं, आपल्या गव्याला यातलं काहीही लागू करू नका. हे लिहिणं आफ्रिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे कायदेशीर परवाना घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. झांबिया, झिम्बाब्वे, टांझानिया, मोझांबिक अशा देशांत ठरलेल्या ब्लॉकमध्ये, ठरलेल्या कोट्यात ही शिकार चालते, फीचा एक हिस्सा आसपासच्या गावांच्या समित्यांना जातो, मांस गावात जातं. ही सगळी व्यवस्था तेव्हाच टिकते जेव्हा मारलेला नर खरोखर म्हातारा असतो.

म्हातारा म्हणजे किती वर्षांचा

जंगलात केप बफेलो १५ वर्षांपर्यंत पोचला तरी खूप झालं, २० च्या आसपास पोचणारे फारच थोडे. नराचं आयुष्य ढोबळमानाने असं बघा. ३ वर्षांपर्यंत ते पोरच. ४-५ वर्षांचा झाला की शिंगांना आकार येतो पण कपाळावर केस असतात. ६-७ व्या वर्षी शिंगांची रुंदी जवळजवळ पूर्ण झालेली असते, टोकं सुईसारखी, लांबून बघितलं तर हाच सगळ्यात देखणा दिसतो आणि हाच सगळ्यात फसवा. ८ ते १० हा त्याचा भर उमेदीचा काळ, बॉस कडक झालेला, मान जाड, माद्यांवर हक्क त्याचाच. १० च्या पुढे उतरण लागते, शिंगं झिजतात, कळप कायमचा सुटतो. मी म्हातारा म्हणतो तो हा, १० च्या पुढचा, आणि ११-१२ चा असेल तर त्याहून चांगलं. प्रदेशाप्रमाणे एखाद वर्ष इकडेतिकडे होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बरेच अनुभवी लोकही इथेच थांबतात. "बॉस कडक म्हणजे म्हातारा" हे अर्धंच खरं आहे. बॉस मऊ असेल तर तो म्हातारा नाहीच, विषय संपला. पण कडक असेल तर एवढंच कळतं की तो पोर नाही. तो ८ वर्षांचा असू शकतो, ज्याची पैदाशीची वर्षं आत्ता कुठे सुरू झालीत. त्यामुळे कडक बॉस ही पहिली चाळणी, त्यातून पुढे गेला की झीज, अंग, चेहरा आणि वागणं बघायचं.

आणि इंचांचं काय? ४० इंच हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. रोलँड वॉर्ड या शिकारीच्या विक्रमांच्या नोंदवहीत दोन शिंगांमधलं बाहेरून बाहेर अंतर मोजतात, सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या पद्धतीत शिंगांच्या वळणाची लांबी आणि बॉसची रुंदी धरतात. पण वय वाढतं तशी टोकं घासून घासून कमी होतात, ७ व्या वर्षी जो ४१ भरतो तोच १२ व्या वर्षी ३६-३७ वर येऊ शकतो. म्हणजे टेपच्या मागे लागलात की आपोआप तरण्या नराच्या मागे लागता.

घरून निघायच्या आधी

बुकिंग करतानाच लेखी सांगा की मला म्हातारा नर हवाय, रुंदी कितीही चालेल, आणि तसा मिळाला नाही तर मी न मारता परत येईन. हे शेवटच्या दिवशी सांगून उपयोग नाही. पीएचवरही दडपण असतं, क्लायंट मोकळ्या हाताने गेला तर नाव खराब होईल ही भीती त्याला असते, ती तुम्हीच काढून टाकायला हवी.

वेळ कोणती? खोऱ्यात जुलै ते ऑक्टोबर कोरडा काळ, गवत वाळलेलं नाहीतर जळालेलं, लांबून नीट दिसतं. म्हशीवर्गीय जनावराला रोज पाणी लागतंच, त्यामुळे म्हातारे नर नदीकाठच्या बोरूच्या बेटांत, दाट झुडपात, पाण्याच्या जवळपासच दिवस काढतात. दहा पटीची चांगली दुर्बीण घ्या. रायफलवर जितका खर्च करता त्याच्या निम्मा तरी दुर्बिणीवर करा असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी, माग

सकाळी लवकर पाणवठ्यावर जायचं आणि रात्री कोण येऊन गेलं ते बघायचं. शेकडो खुरांचा चिखल झाला असेल तर तो मोठा कळप. एक, दोन, तीन किंवा चार मोठे ठसे वेगळे निघालेत तर तिकडे लक्ष द्या. पुढचा खूर मागच्यापेक्षा मोठा असतो, नराचा ठसा रुंद आणि गोलसर, आणि वय झालेल्याच्या खुरांच्या कडा झिजून बोथट झालेल्या असतात, काही वेळा चालताना खूर ओढल्याची रेघही मातीत दिसते. शेणाचा पो हाताच्या पाठीने बघायचा, गरम आणि ओला असेल तर जवळ आहेत. बाम्बो पो फोडून आतली ओल बघायचे, वरची साल उन्हात पटकन वाळते म्हणून.

पण मागावरून वय ठरत नाही. माग फक्त सांगतो की कोणाच्या मागे चालायला जावं.

दुसरी पायरी, कोण कोणाबरोबर आहे

म्हाताऱ्या नरांना तिकडे डग्गा बॉय म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल, भिंत लिंपायला करतात तो गारा, कारण हे नर चिखलात लोळून अंगावर त्याचं लिंपण घेऊन फिरतात. केस गेलेल्या कातडीला माशा आणि गोचिडांपासून तेवढाच आसरा. दोन-चार जणांची टोळी असते, कधी एकटाच. कळपाच्या वेगाने चालणं जमत नाही, माद्यांसाठी भांडायची ताकद नाही, मग ते एका जागी राहून खातात, लोळतात, रवंथ करतात. एकटे असल्यामुळे सिंहांचाही रोख यांच्यावरच असतो.

मात्र टोळीत आहे म्हणजे म्हातारा, असं धरू नका. म्हशीवर्गाचा गर्भकाळ साडेअकरा महिन्यांच्या आसपास, वासरं पावसाळ्यात जन्मतात, म्हणजे माज आणि मारामाऱ्याही पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला. त्यात थकलेले ८-९ वर्षांचे नर कोरड्या दिवसांत, म्हणजे नेमक्या शिकारीच्या हंगामात, अंगात पुन्हा ताकद भरायला या टोळ्यांत येऊन राहतात आणि पुढच्या पावसाला परत कळपात जातात. त्यामुळे चार जणांच्या टोळीत दोन म्हातारे, एक उमेदीतला आणि एक ६ वर्षांचा पोरगा असं सहज असतं. मी मारलेला तो चौथा होता.

तिसरी पायरी, नर की मादी

हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण आहे. म्हाताऱ्या माद्यांची शिंगं कधीकधी खूप रुंद असतात आणि गवतातून फक्त डोकं दिसत असतं. मादीची शिंगं बारीक, कपाळावर बॉस जवळजवळ नाही, मधे केसाळ कपाळ. तरी शंका असेल तर पोटाखाली बघा, नराच्या लिंगाचं आवरण आणि त्यावरचा केसांचा झुपका दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी पायरी, बॉस

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया जातं. दोन्ही शिंगांची बुडं फुगून कपाळावर जे टोप तयार होतं तो बॉस. शिंग टोकाकडून नाही वाढत, बुडाकडून वाढतं, म्हणून कोवळेपणा शोधायचा तर बुडाच्या पुढच्या कडेला आणि दोन बुडांच्या मधल्या फटीत शोधायचा. तरण्या नरात या ठिकाणी करडा-गुलाबीसर, खरखरीत, केस मिसळलेला पट्टा दिसतो, शिंग कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ते नीट कळत नाही. कड भुसभुशीत, तिच्यावर पापुद्रे. नख जातं ते इथेच.

वय झालेल्यात तो पट्टा नाहीसा होतो. शिंग सरळ कातडीला भिडतं आणि कड स्पष्ट, जणू टोप कपाळावर ठेवलंय आणि त्याची किनार थोडी उचललेली आहे. वरचा भाग काळा, गाठाळ, भेगा पडलेला, जुन्या बाभळीच्या खोडासारखा. आणि अगदी म्हातारा असेल तर त्या गाठीही घासून गेलेल्या असतात, वरचा भाग गुळगुळीत होतो, भेगा मात्र खोल राहतात. ८ वर्षांच्या आणि १२ वर्षांच्या नरात बॉसवरून जो फरक करता येतो तो हाच: एकाचा कडक पण ताजा, दुसऱ्याचा कडक आणि झिजलेला.

दोन बुडं मधे एकमेकांना चिकटली पाहिजेत असा एक समज आहे, तो सोडून द्या. काही नरांमध्ये म्हातारपणीही चांगली बोटभर फट राहते. फट किती आहे हे बघू नका, फटीत काय आहे ते बघा. केस आणि मऊ वाढ असेल तर पोर. उघडी, कोरडी, हाडासारखी कडक असेल तर चालेल. तसंच पूर्व आफ्रिकेतल्या नरांचा बॉस दक्षिणेकडच्या नरांइतका भारी नसतो, टांझानियात जाऊन झिम्बाब्वेच्या फोटोंशी तुलना करत बसलात तर सगळेच तुम्हाला तरणे वाटतील.

बघायचं कसं? रेड्याला तुमची चाहूल लागली की तो नाक वर करून रोखून बघतो. ती मुद्रा जबरदस्त असते, छातीत धडधडतं, पण त्या मुद्रेत बॉसचा वरचा आणि मधला भाग नीट दिसतच नाही आणि शिंगं मात्र अंगावर आल्यासारखी मोठी वाटतात. थांबा. तो डोकं खाली घालून चरायला लागला, किंवा बाजूला वळला, की बॉस पूर्ण उघडा दिसतो. समोरून एकदा, बाजूने एकदा, एवढं तरी झालंच पाहिजे. सूर्य त्याच्या पाठीमागे असेल तर सगळं काळंच दिसतं, वाऱ्याची दिशा जमत असेल तर फिरून दुसऱ्या बाजूने जा.

आणि चिखल. माझ्या रेड्याच्या कपाळावर बोटभर जाडीचा वाळलेला थर होता, त्याखालचा सगळा कोवळेपणा झाकला गेला होता आणि लांबून तो चिखलच कडक बॉससारखा दिसत होता, रंगही तोच, भेगाही तशाच. आता माझा नियम असा की बॉसवर थर असेल तर बॉसचं मत धरायचंच नाही, बाकीच्या खुणांवर शंभर टक्के खात्री झाली तरच पुढे, नाहीतर सोडून द्यायचं.

पाचवी पायरी, टोकं, तोंड आणि अंग

टोकं सुईसारखी, आतल्या बाजूला छान वळलेली असतील तर तो अजून तरणा. म्हाताऱ्याची टोकं बोथट, एक तुटलेलं, कधी दोन्ही झिजून इतकी आखूड की फक्त बॉस आणि दोन खुंट उरतात. अशा खुंटवाल्याला इंग्रजी बोलणारे शिकारी स्क्रम कॅप म्हणतात, रग्बी खेळणारे डोक्याला घालतात त्या टोपीवरून. टेपवर त्याची काहीच किंमत नाही, माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा मान आहे.

चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीचे आणि गालावरचे केस गेलेले असतात, कातडी राखाडी आणि कुठे पांढुरकी. डोळ्यांखाली खळगे. कान फाटून चिंध्या झालेले. गळ्याखालची पोळी लोंबते.

अंगाचं म्हणाल तर गावाकडे म्हातारा बैल बघितलेल्या माणसाला फार शिकवावं लागत नाही. पुठ्ठ्यावरची हाडं वर आलेली, पाठीचा कणा दिसतो, पोट खाली उतरलेलं, मान पूर्वीची जाड पण आता मांस उतरलेलं. पुठ्ठ्यावर आणि मांड्यांवर केस जवळजवळ नाहीत, सिंहाच्या नखांचे आणि मारामारीचे जुने व्रण उघडे दिसतात. ८-९ वर्षांचा नर याच्या उलट, भरलेला, काळाभोर, मानेचा गड्डा उठून दिसणारा, बघताच तालमीतला पैलवान आठवेल. तो दिसला तर मनसोक्त बघा आणि सोडून द्या.

एक सावधगिरी. कोरड्या काळाच्या शेवटी, म्हणजे ऑक्टोबरात, चारा संपलेला असतो आणि तरणे नरही हाडं दाखवायला लागतात, जखमी किंवा आजारी नरही तसाच दिसतो. म्हणून एकटं अंग बघून कधी ठरवू नका.

सहावी पायरी, वागणं

म्हातारा उठतो सावकाश, पुढचे पाय टेकवून जरा थांबतो. टोळी हलली की बहुतेक वेळा तो मागे असतो. तरणा सतत मान हलवतो, दुसऱ्याला ढुशा देतो. पाठीवर गोचीड खाणारे ऑक्सपेकर पक्षी बसलेले असतील तर त्यांच्याकडेही लक्ष ठेवा, त्यांनी तुम्हाला बघितलं तर फिस्स आवाज करत एकदम उडतात आणि मग सगळी टोळी ताडकन उठते, वय बघायची संधी गेली.

हे सगळं साधारण ६० ते १०० मीटरवर होतं, दाट झुडपात त्याहून जवळ. १५ मिनिटं मिळाली तर भाग्य. म्हणून क्रम ठरवून ठेवा: नर आहे का, बॉसची पुढची कड, मधली फट, टोकं, चेहरा, पुठ्ठा. मी हा क्रम मनात पुटपुटतो. पीएचने "घे" म्हटलं तरी माझ्या सहा गोष्टी झाल्याशिवाय सेफ्टी काढत नाही, आणि तो नाही म्हणाला तर मला कितीही खात्री असली तरी मारत नाही. दोघांचंही हो लागतं.

खात्री नसेल तर सोडा. त्याचं नुकसान काहीच नाही, पुढच्या वर्षी तो एक वर्षाने मोठा झालेला असेल.

पडल्यानंतर, दात

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि मग आयुष्यभर तीच चूक करत राहतात. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बैल घ्यायचे तेव्हा मालक काय सांगतो ते ऐकूनच घ्यायचे नाहीत, सरळ खालचा ओठ खाली ओढून दात बघायचे, आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. केप बफेलोचंही तसंच आहे. वर पुढचे दात नाहीत, खाली आठ, आणि दुधाचे पडून पक्के दात जोडीजोडीने येतात, पाचेक वर्षांपर्यंत जुळतो, म्हणजे आठही पक्के दात पूर्ण होतात. पण आपल्याला हवं ते वय जुळल्यानंतरचं, म्हणून पुढच्या दातांवर भागत नाही. ते झिजून खुंट झालेत आणि मधे फटी पडल्यात एवढं दिसलं तर म्हातारा म्हणून चांगली खूण.

खरा हिशेब दाढांवर. खालचा जबडा कापून घ्या, कॅम्पवर पत्र्याच्या डब्यात तासभर उकळा, मांस सुटलं की घासून धुवा. मागच्या तीन मोठ्या दाढांपैकी सगळ्यात पुढची जी, ती सगळ्यात आधी उगवलेली असते म्हणून सगळ्यात आधी झिजते. तिच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे असतात. ते खोल आणि कडा धारदार असतील तर तुम्ही तरणा मारलाय. खड्डे पुसट होऊन दाढ हिरडीच्या जवळ सपाट झाली असेल तर म्हातारा. याहून नेमकं वय हवं असेल तर प्रयोगशाळेत त्याच दाढेचं मूळ कापून झाडाच्या खोडासारखे थर मोजतात, पावसाळा आणि कोरडा काळ वेगळे असलेल्या प्रदेशात ते थर चांगले उमटतात.

२०२२ मध्ये त्याच खोऱ्यात मला दुसरा रेडा मिळाला, अकराव्या दिवशी, त्याआधी नऊ नर सोडले होते. ३५ इंच, डावं टोक तुटलेलं, उजव्या कानाचा निम्मा भागच नाही. बाम्बोंनी परत अंगठा दाबला, यावेळी तो कडेवरून घसरला, दगडावरून घसरावा तसा. दोन्ही जबडे आता माझ्याकडे एकाच फळीवर आहेत, शेजारी शेजारी, आणि कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर मी त्याला आधी दोन्ही दाढांवरून बोट फिरवायला लावतो.

तुम्हीही जबडा ठेवा. उकळल्यावर सावलीत वाळवा, उन्हात दातांना तडे जातात. तारीख, ठिकाण, रुंदी, आणि मारायच्या आधी तुम्ही मनात किती वय धरलं होतं ते, हे सगळं पक्क्या शाईने हाडावरच लिहा, आणि त्यातला शेवटचा आकडा दात बघायच्या आधी लिहा.